उत्तर न देणारा रुग्ण : अपंग व्यक्ती, त्यांचे काळजीवाहक आणि दृष्टितपासणीचा इतिहास

प्रस्तावना

दृष्टी सुधारण्याच्या साधनांमध्ये चष्मा हे सर्वांत परिचित साधन आहे. ते समाजाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, चष्मा लावणाऱ्या व्यक्तीस कोणी अपंग म्हणत नाही. तथापि, बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम यांसारख्या कारणांनी जे आधीच अपंग ठरलेले आहेत, त्यांच्यापर्यंत हे साधे साधन फार उशिरा पोहोचले. अनेकांपर्यंत ते अद्यापि पोहोचलेले नाही. दारिद्र्य आणि नेत्रतज्ज्ञांची उणीव ही त्याची कारणे आहेतच. पण त्याखेरीज दृष्टी मोजण्याची पद्धत आणि दृष्टिदोषाची गणना करण्याची रीत या दोन गोष्टीही त्यास कारणीभूत आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, अपंग व्यक्ती व त्यांची दैनंदिन सेवा करणारे काळजीवाहक यांच्या दृष्टीचा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अक्षरतक्ता आणि त्यातील गृहीत

इ. स. १८६२ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी आपला अक्षरतक्ता प्रसिद्ध केला. त्यांचे ज्येष्ठ सहकारी फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांचा डोळ्यांच्या अपवर्तन दोषांवरील ग्रंथ १८६४ मध्ये प्रकाशित झाला. या दोन घटनांमुळे चष्म्याचा नंबर शास्त्रीय पायावर ठरविता येऊ लागला. ‘सहा बाय सहा’, ‘सहा बाय साठ’ ही आज सर्वांच्या तोंडी असलेली परिभाषा मूळची त्याच परंपरेतील आहे.

परंतु या तक्त्यात एक गृहीत दडलेले होते. समोरचा मनुष्य अक्षरे ओळखतो, प्रश्न समजून घेतो आणि बोलून उत्तर देतो, असे ते गृहीत होय. निरक्षरांसाठी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले ‘ई’ हे चिन्ह वापरले जाऊ लागले आणि साक्षरतेची अट गळाली. मात्र उत्तर देण्याची अट कायम राहिली. ज्याला बोलता येत नाही, हात इच्छेप्रमाणे हलविता येत नाही किंवा प्रश्नच उमगत नाही, त्याच्यासंबंधी ‘सहकार्य करीत नाही’ किंवा ‘तपासणी शक्य नाही’ असा शेरा पडू लागला. मूल वस्तूकडे पाहत नाही, पुस्तकात लक्ष घालत नाही, चालताना अडखळते, या गोष्टींचे कारण त्याच्या मूळ अपंगत्वातच शोधले गेले. त्यामुळे एका अपंगत्वाच्या नोंदीआड दुसरा, सहज दूर करता येण्याजोगा दोष झाकला गेला.

तपासणीच्या पद्धतीतील स्थित्यंतर

रुग्णाने उत्तर दिल्याशिवाय नंबर काढताच येत नाही, अशी स्थिती मात्र कधीच नव्हती. १८७३ मध्ये फ्रेंच लष्करी नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड क्युइन्ये यांनी डोळ्यात प्रकाश टाकून बाहुलीत दिसणाऱ्या छायेच्या हालचालीवरून दोष ओळखण्याची पद्धत मांडली. आजची रेटिनोस्कोपी ती हीच. रुग्णाने एक शब्दही न उच्चारता तीत नंबर काढता येतो. म्हणजेच अक्षरतक्त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत साधन उपलब्ध झाले होते. अशा रुग्णास त्यासाठी वेळ द्यावा, ही दृष्टी त्यामानाने फार उशिरा आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. अर्भके कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे अधिक वेळ पाहतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९५०–६० च्या सुमारास दाखवून दिले. त्याच तत्त्वावर डेव्हिडा टेलर यांच्या नावाने ओळखली जाणारी रेघांची कार्डे १९८० च्या दशकात वापरात आली. फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवारिनेन यांनी १९७६ मध्ये सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन या चार आकृत्यांची चाचणी तयार केली. तीत मुलाने नाव न सांगता जोडीचे चित्र दाखविले तरी पुरते. कार्डिफ येथे मार्गारेट वुडहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, डाउन सिंड्रोम असलेल्या बहुसंख्य मुलांचा डोळा जवळच्या वस्तूवर पुरेसा स्थिरावत नाही. लांबचे दिसते म्हणून डोळे चांगले, असा समज असलेल्या मुलास वही धूसर दिसत असते. अशांना बायफोकल चष्म्याचा उपयोग होतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या, १९६८ मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्स चळवळीनेही १९९० च्या दशकात क्रीडास्पर्धांच्या ठिकाणीच नेत्रतपासणी व मोफत चष्मे देण्यास आरंभ केला. २००१ पासून लायन्स क्लब्जचे त्यास साहाय्य लाभले.

या सर्व प्रयत्नांचे सार एकच आहे. उत्तर मिळविण्याची जबाबदारी रुग्णाकडून तपासणाऱ्याकडे सरकली.

गणना आणि कायदा

दृष्टिदोषाची गणना दोन प्रकारे होते : चष्मा लावून मिळू शकणारी सर्वोत्तम दृष्टी मोजून, किंवा व्यक्ती प्रत्यक्षात ज्या स्थितीत वावरते ती दृष्टी मोजून. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालासाठी जगातील दृष्टिबाधितांची संख्या सुमारे १६.१ कोटी इतकी अंदाजिली, ती पहिल्या रीतीने. पुढे २००४ सालासाठी, केवळ योग्य चष्मा नसल्यामुळे दृष्टिबाधित असलेल्यांची संख्या १५.३ कोटी असल्याचा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजण्याची रीत बदलताच जवळजवळ तितकीच आणखी माणसे नजरेस आली.

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या प्रकल्पाचा भर मोतिबिंदूवर होता, आणि अंधत्वाचे ते प्रमुख कारण असल्याने ते योग्यही होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने तसेच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दृष्टी सुधारून झाल्यानंतर उरणारी दृष्टीच अपंगत्वासाठी प्रमाण मानली. ही व्याख्या तर्कशुद्ध आहे. अन्यथा चष्मा लावणारा प्रत्येक जण सवलतीस पात्र ठरता. तथापि सुधारणा प्रत्यक्षात झालेलीच आहे, असे तीत गृहीत धरले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाची तपासणीच झाली नाही, त्याचा दृष्टिदोष कायद्याच्या लेखी अपंगत्व ठरत नाही आणि आरोग्य खात्याच्या लेखी रुग्णही ठरत नाही.

महाराष्ट्रात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसून पूर्वी सामाजिक न्याय विभागाच्या आणि डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टिदोषाचा समावेश आहे. परंतु त्याची वयोमर्यादा अठरा वर्षांची आहे. त्यापुढील प्रौढ अपंग व्यक्तीची तपासणी मुख्यतः कुटुंबाच्या किंवा संस्थेच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

काळजीवाहकांची चाळिशी

ही जागरूकता ज्यांच्याकडून अपेक्षित आहे, ते काळजीवाहक, विशेष शिक्षक आणि विशेषतः माता हा या इतिहासातील दुर्लक्षित घटक होय. मूल वस्तू डोळ्यांजवळ धरते, मान तिरकी करते, उजेडात डोळे मिटते, या गोष्टी प्रथम त्यांच्याच लक्षात येतात. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची साक्ष तेच देऊ शकतात. परंतु त्यांच्या स्वतःच्या दृष्टीचे काय? चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणे हा निसर्गक्रम आहे. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे, मात्रा मोजण्याच्या खुणा, कापावयाची नखे, घासातील माशाचा काटा, ही सर्व कामे जवळच्या दृष्टीची आहेत. काळजीवाहकाची चूक येथे दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

काळजीवाहक नसलेल्या, पण हातांनी व नजरेने काम करणाऱ्या कामगारांवरील एक अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. आसाममधील चाळीस वर्षांवरील चहामळा कामगारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जवळचा चष्मा मिळालेल्या गटाची उत्पादकता चष्मा न मिळालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक वाढली. पाने खुडण्याच्या कामात जे घडले, त्याचे मोल माणूस सांभाळण्याच्या कामात किलोग्रॅममध्ये मोजता येणार नाही. परंतु दोन्ही कामे नजरेवर विसंबून आहेत, यात संशय नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साधन नव्हते म्हणून नव्हे, तर तपासणी आणि गणना या दोहोंनी विशिष्ट प्रकारचा रुग्ण गृहीत धरला म्हणून अपंग व्यक्ती चष्म्यापासून वंचित राहिल्या. या संदर्भात महाविद्यालयांनाही काही करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे भरविली जाणारी नेत्रतपासणी शिबिरे बहुधा तपासलेल्यांच्या संख्येवर यशस्वी ठरविली जातात. त्यांपैकी वर्षातून एक शिबिर परिसरातील विशेष शाळेत भरवावे. अक्षरतक्त्याबरोबर चित्रकार्डे आणि रेटिनोस्कोप असावा. एका मुलास पाच मिनिटांऐवजी अर्धा तास द्यावा. आणि त्याच रांगेत काळजीवाहकांचेही डोळे तपासावेत. अशा शिबिराच्या अहवालातील आकडा लहान असेल. तो लहान का आहे, हे अहवालात नमूद करावे आणि त्या आकड्यास कमी लेखू नये.