दोन पिंपं, एक कायदा आणि मीठ घातलेली बिअर

माझ्या टीममधल्या जर्मन सहकाऱ्याचा कुठल्याही वादातला हुकमी पत्ता ठरलेला होता. "आमच्या बिअरमध्ये ५०० वर्षांपासून फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स." प्रोजेक्टसाठी म्युनिकला आल्यापासून हेच मी बाटल्यांच्या लेबलांवर आणि पबच्या भिंतींवर वाचत होतो. सगळीकडे एकच साल: १५१६. आणि एकच शब्द: राइनहाइट्सगेबोट, म्हणजे शुद्धतेचा कायदा.

'शुद्ध' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मी बार्शीचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला एका मित्राने हसत हसत सांगितलं होतं, "तुझं मराठी जरा अशुद्ध आहे." त्यानंतर चार वर्षं मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायचो. त्यामुळे कुणी शुद्धतेचं सर्टिफिकेट दाखवलं की ते कुणी दिलं, कधी दिलं, हे बघायची सवयच लागली. आठवडाभराची सुट्टी होती आणि लोकल-रिजनल गाड्यांना चालणारा डॉइचलँडटिकेट हा मासिक पास खिशात होता. ठरवलं, या कायद्याच्या मागे ट्रेनने जायचं. घरी सांगितलं, "रेल्वेचा इतिहास बघायला चाललोय." हे अगदीच खोटं नव्हतं.

पहिला मुक्काम इंगोलश्टाट. म्युनिकहून न्यूरेंबर्गला जाणारी रिजनल एक्स्प्रेस इथे थांबते. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथे आणि त्यांचे धाकटे भाऊ लुडविग दहावे यांनी इथेच तो कायदा जाहीर केला. मूळ मजकूर जेमतेम एका पानाचा. मी तो फोनवर भाषांतरासह उघडला आणि बिअर बाजूला ठेवून दोनदा वाचला.

सुरुवातच दराने होते. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात एक 'मास', म्हणजे साधारण लिटरभर बिअर, एका फेनिगपेक्षा जास्त दराने विकायची नाही. उरलेल्या उन्हाळ्यात दोन फेनिगपेक्षा जास्त नाही. घटकांचं वाक्य नंतर येतं: बार्ली, हॉप्स आणि पाणी, याशिवाय काही वापरायचं नाही. नियम मोडला तर पिंप जप्त. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण आंबवण्याचं काम एक सजीव करतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आणि 'शुद्धता' हा शब्द? तो या कायद्याला चिकटला १९१८ मध्ये, बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेत. मधे ४०० वर्षं गेली.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड १५१६ चा आणि त्यावरची कॉमेंट १९१८ ची. आपण कॉमेंट वाचूनच कोड समजल्याचं मानतो.

मग बार्लीच का? इतिहासकार सर्वसाधारणपणे सांगतात ते असं: गहू आणि राय पावासाठी राहावेत, बिअरवाल्यांनी बेकऱ्यांशी धान्यासाठी स्पर्धा करून पावाचे भाव चढवू नयेत. रात्री आईचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगून टाकलं. बिअरचा विषय निघाला म्हणून क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "म्हंजे रेशनिंगच की रं ते!"

पाच शतकांचा कायदा तिने एका वाक्यात उलगडला. आपल्याकडेही २००७ नंतर धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यावं की नाही, यावरून मोठा वाद पेटला होता. ज्वारी भाकरीची की बाटलीची, हा प्रश्न तिने पेपरात वाचलेला होता.

गंमत म्हणजे गव्हाची बिअर बंद झालीच नाही. ती बनवण्याचा खास परवाना डेगेनबर्ग या सरदार घराण्याकडे होता. १६०२ मध्ये त्या घराण्याला वारस उरला नाही, तेव्हा ड्यूक माक्सिमिलियनने तो हक्क स्वतःकडे घेतला आणि पुढे दीड-दोन शतकं गव्हाच्या बिअरमधून राजघराण्याची तिजोरी भरत राहिली. रयतेने गहू वापरला तर गुन्हा, दरबाराने वापरला तर महसूल!

न्यूरेंबर्गला मात्र मी घरी सांगितलेलं खरं ठरलं. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ रोजी इथून शेजारच्या फ्युर्थला धावली. अंतर सहा किलोमीटर. 'आडलर' नावाचं इंजिन इंग्लंडमध्ये स्टीफन्सनच्या कारखान्यात बनलेलं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर १८ वर्षांनी सुटली. आडलरची प्रतिकृती इथल्या रेल्वे संग्रहालयात आहे. सुरुवातीला या गाडीतून फक्त माणसं जायची. मग ११ जुलै १८३६ रोजी लेडरर ब्रुअरीची दोन पिंपं फ्युर्थच्या एका खानावळीसाठी तिच्यावर चढली. जर्मन रेल्वेवरची पहिली मालवाहतूक म्हणून हीच नोंद सांगितली जाते. म्हणजे मी सुट्टीत जे करत होतो, ते बिअरने माझ्या बरंच आधी केलं होतं.

तोपर्यंत बिअर ही गावाची गोष्ट होती, कारण ती लांब जाईपर्यंत खराब व्हायची. याच अडचणीतून बव्हेरियात १५५३ मध्ये आणखी एक नियम आला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायचीच नाही. उन्हाळ्यात ती बिघडायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. हिवाळ्यातच काम करायचं म्हटल्यावर थंडीत टिकणारं यीस्ट आपोआप निवडलं गेलं. ते दोन जातींच्या यीस्टचा संकर आहे. आज जगभर जी लागर बिअर पितात, ती या संकराची देणगी. शुद्ध म्हणून मिरवणाऱ्या बिअरचा जीवच संकरातून आलेला.

उन्हाळ्यापुरता साठा ठेवायला टेकड्यांमध्ये तळघरं खोदली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली. लोक तिथेच येऊन प्यायला लागले. म्युनिकच्या खानावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ मध्ये राजाने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाशिवाय खायला काही देऊ नये. म्हणून आजही पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचा डबा उघडता येतो. बांबेर्गला टेकडीवर अशाच एका झाडाखाली मी ठेपला खाल्ला. तिथे 'तळघरात' जात नाहीत, 'तळघरावर' जातात.

बांबेर्गची खासियत म्हणजे राउखबिअर, बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची. पहिला घोट चुलीशेजारी बसल्यासारखा लागतो. पूर्वी उघड्या आगीवर माल्ट वाळवायचे तेव्हा बऱ्याच बिअरना थोडाफार असा वास असणार. मग धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीत बसलं. ऋतूचं बंधन गेलं, चवी एकसारख्या झाल्या. १९०६ मध्ये बव्हेरियाचा नियम थोड्याफार फरकाने सगळ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. उत्तरेकडच्या मसाले-वनस्पती घातलेल्या बिअर आधीच मागे पडत होत्या. त्या आता नियमातही बसेनात.

पुढे हाच कायदा परक्यांना अडवायला कामी आला. त्यात न बसणाऱ्या आयात मालाला जर्मनीत 'बिअर' म्हणून विकायला बंदी होती. १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली.

शेवटचा मुक्काम लाइपझिग, आणि तिथला बायरिशर बानहोफ. १८४२ मध्ये बव्हेरियाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी सुरू झालेलं हे स्टेशन. आता गाड्या जमिनीखालून जातात आणि जुन्या इमारतीत ब्रुअरी आहे. तिथे मिळते ती 'गोझे': गव्हाची, आंबट, धणे आणि मीठ घातलेली. ही मूळची गोस्लार गावची, अठराव्या शतकात लाइपझिगला आली. पूर्व जर्मनीच्या काळात, १९६६ मध्ये, ती बनवणं पूर्ण थांबलं. १९८६ मध्ये लोथार गोल्डहान या खानावळवाल्याने म्हाताऱ्या लोकांच्या जिभेवरच्या आठवणी विचारून ती पुन्हा उभी केली. १५१६ च्या कसोटीवर ही बिअर साफ नापास. आज ती प्रादेशिक खासियत म्हणून अपवादात बसते.

मी घोट घेतला. मीठ, धणे, आंबटपणा. उन्हातून आल्यावर आई जे ताक हातात देते, त्याची आठवण झाली. तिला फोन लावून सांगितलं.

"ताकात फेस आलाय म्हण की," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आन् तू किती दिसांनी असा मोकळा बोलाय लागलाईस रं."

माझ्या लक्षात आलं, गेला अर्धा तास मी तिच्याशी बार्शीच्याच बोलीत बोलत होतो. शेजारच्या टेबलावरचं एक मराठी जोडपं वळून बघत होतं. मी आवाज कमी केला नाही.