जुनी बॅटरी आणि थिआरोयेची १८ मुलं

लोडशेडिंगच्या काळात आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले. बॅटरी संपली की आपण भंगारवाल्याला फक्त भाव विचारतो. ती पुढे कुठे जाते याचं उत्तर आफ्रिकेतल्या एका वस्तीला फार महागात पडलं.

शिसं-ॲसिडची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. तिच्यातलं शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, हा तिचा मोठा गुण. पण शिसं ३२७ अंशांवरच वितळतं. त्याला कारखाना लागत नाही, कढई आणि कोळसा पुरतो. गोम इथंच आहे.

सेनेगलची राजधानी डकार. तिच्याजवळ थिआरोये-सुर-मेर इथं लोक वर्षानुवर्षं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. शिसं विकायचं, चुरा वाळूत पडायचा. जगात मागणी वाढली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये शिशाचा भाव टनाला ३,५०० डॉलरच्या वर गेला. मग ती वाळूच मोलाची झाली! बायका वाळू चाळून शिशाचे कण वेचू लागल्या, माल घरात आला, लेकरं त्याच धुळीत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुलं दगावली. आधी कारणच कळेना. नंतर ५० मुलांचं रक्त तपासलं. डेसिलिटरमागे सगळ्यात कमी शिसं निघालं सुमारे ४० मायक्रोग्रॅम, सगळ्यात जास्त ६०० च्या पुढे. आज जागतिक आरोग्य संघटना ५ दिसले तरी कारण शोधा म्हणते.

आपल्याकडे २००१ सालीच नियम झाले. विक्रेत्यानं जुनी बॅटरी परत घ्यायची, ती नोंदणीकृत कारखान्यातच जायची. २०२२ च्या नियमांनी जबाबदारी उत्पादकावर टाकली. कागद उत्तम आहे. पण चोरट्या भट्टीवाल्याला धूर गाळायचा खर्च नाही, ॲसिड तो ओढ्यात ओततो. म्हणून भंगारवाल्याला चार पैसे जास्त देणं त्याला परवडतं. नियम हरतो तो या गणितापुढे.

युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात ५ च्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. सगळा दोष बॅटरीचा नाही, रंग आणि भेसळीचे मसालेही त्यात आहेत. पण आता ई-रिक्षाही आल्यात, बऱ्याचशा याच बॅटरीवर.

नवी बॅटरी घेताना जुनीचे पैसे बिलात वजा झाले का? की जुनी परस्पर भंगारात गेली? आपल्या तालुक्यातला तुमचा अनुभव मला जरूर कळवा.