जुना खोकला दाबू नका, कफ मोकळा करा

“वय झालं की खोकला राहतोच,” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. अब्बा पहाटे अर्धा तास खोकतात, अम्मी जिना चढताना दोनदा थांबतात आणि आपण म्हणतो, हवा बदलली. पण आठ आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला म्हणजे हवाबदल नव्हे. त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतं. असंच एक कारण म्हणजे सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार. तो पूर्ण बरा होत नाही, पण नीट सांभाळला तर माणूस चालता-फिरता राहतो.

आत नेमकं काय होतं?

शाळेत फळ्यावर फुप्फुस काढताना आम्ही मुलांना सांगतो, हे उलटं झाड समजा. खोड म्हणजे श्वासनलिका, फांद्या म्हणजे तिच्या शाखा, पानं म्हणजे वायुकोश. वर्षानुवर्षं धूर आणि धूळ आत गेली की फांद्या आतून सुजतात, अरुंद होतात आणि कफ, म्हणजे बलगम, जास्त तयार होतो. हा कफ वर ढकलणारे केसांसारखे बारीक तंतूही धुराने निकामी होतात. मग कफ बाहेर काढायचं काम खोकल्यावर येतं. म्हणूनच कफाचा खोकला गुंगीच्या सिरपने दाबला तर कफ आत साचतो आणि जंतूंना जागा मिळते. असं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

फक्त बिडी ओढणाऱ्यांनाच होतो का?

नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ आणि पूर्वी झालेला टीबी ही त्यातली मोठी कारणं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या दादी-नानीचा खोकला म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मालेगाव-भिवंडीकडे लूमवर काम केलेल्यांनी, कापूस पिंजणाऱ्यांनीही डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं.

आधी तपासणी

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पहिल्यांदा थुंकीची टीबी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सीओपीडीचं निदान स्पायरोमेट्री या फुंकर मारण्याच्या तपासणीने होतं. नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. बीपीच्या काही गोळ्यांनीही (रामिप्रिल, एनालाप्रिल) कोरडा खोकला येतो. तेव्हा चालू औषधांची पिशवी सोबत न्या, पण गोळी मनाने बंद करू नका.

घरी रोज काय करायचं?

*धूर थांबवा.* बिडी-सिगारेट सोडणं हा सर्वात मोठा इलाज, आणि तो कोणत्याही वयात उपयोगी पडतो. पेशंटच्या खोलीत लोबान, अगरबत्ती, मच्छर कॉइल लावू नका. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा.

*पंप नियमित घ्या.* “पंपाची सवय लागते” हा गैरसमज आहे. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोड्या मात्रेत काम होतं. फवाऱ्याचा पंप हलवा, पूर्ण श्वास सोडा, दाबताना हळू आणि खोल श्वास घ्या, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. हे जमत नसेल तर स्पेसर लावा. पावडरचा पंप मात्र जोरात ओढायचा असतो. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

*कफ मोकळा करा.* ताठ बसा. काही वेळ शांत श्वास घ्या. मग तीन-चार खोल श्वास. त्यानंतर तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा “हाऽऽ” करत जोराने श्वास सोडा. असं एक-दोनदा करा, कफ वर आला की खोकून काढा. थोडं थांबून पुन्हा करा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलं तर उत्तम.

*पाणी आणि लस.* डॉक्टरांनी हृदय किंवा किडनीसाठी पाणी कमी करायला सांगितलं नसेल तर दिवसभर घोटघोट पाणी प्या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. मधाने घशाला आराम पडतो, पण शुगर असेल तर जपून.

रमजानमध्ये

दरवर्षी काही पेशंट रोज्यासाठी पंप सोडतात आणि तब्येत बिघडते. बरेचसे पंप दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे असतात. ते सेहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. त्यासाठी रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना भेटा. रोज्यात पंप घेण्याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, आपल्या आलिमांना विचारून घ्या. पण आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. दिवसा दम लागला तर तात्काळ आराम देणारा पंप घ्यायला वेळ लावू नका.

थांबू नका, दवाखाना गाठा

कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला किंवा दम नेहमीपेक्षा जास्त लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तरी उशीर नको. ओठ-नखं निळसर पडली, एक वाक्यही पुरं बोलता येईना, छातीत दुखलं किंवा माणूस गुंगू लागला, तर 108 वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्याचा आकडा स्वतःहून वाढवू नका. या आजारात जादा ऑक्सिजनही घातक ठरतो.

आपले वडीलधारे तक्रार करत नाहीत. म्हणून पुढच्या भेटीला त्यांच्यासोबत घरातल्या कुणीतरी जा, आणि पंप घेऊनच जा. ते पंप कसा घेतात, ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवू द्या.