दोन माइक आणि एक जिना

घरी ड्रम ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या तरुण वादकाजवळ बहुधा दोनच माइक जोडता येतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस असतो. ड्रमसेटमध्ये मात्र बास ड्रम, स्नेअर, टॉम, हाय-हॅट, झांजा असा मोठा संसार. प्रत्येकाला स्वतंत्र माइक हवाच, ही समजूत इतकी रुजली आहे की अनेक जण तेथेच हात टेकतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. #थ्रेड

१९२३. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रिचमंड येथे किंग ऑलिव्हर यांच्या जॅझ वाद्यवृंदाचे मुद्रण झाले. तेथे माइक नव्हताच. सारे वादक एका कर्ण्यापुढे उभे राहत आणि आवाजाच्या कंपनांनी सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. बास ड्रमच्या दणक्याने ती सुई उडण्याची धास्ती असे. म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्स यांना लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचा कॉर्नेट इतका बुलंद, की त्यांना इतरांच्या बऱ्याच मागे उभे करण्यात आले. आवाज कमी-जास्त करण्याचे साधन एकच होते: अंतर.

१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि माइकही आला. तरी पुढील कित्येक दशके ड्रमसेटच्या वाट्याला एखाद-दुसराच माइक येई.

१९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपलिनचा पहिला अल्बम मुद्रित होत होता. ध्वनिमुद्रक होते ग्लिन जॉन्स. ड्रमसाठी लावलेल्या माइकांपैकी एकाचा आवाज चुकून एकाच बाजूच्या स्पीकरकडे वळवलेला राहिला, आणि ड्रम एकाएकी विस्तीर्ण भासू लागले. मग त्यांनी दुसरा माइक मुद्दाम विरुद्ध बाजूला वळवला. एक माइक ड्रमसेटच्या डोक्यावर, दुसरा जमिनीवरच्या टॉमच्या बाजूला. ही रचना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिचे मर्म एका दोरीत आहे. दोन्ही माइक स्नेअरपासून समान अंतरावर हवेत. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अंतरात तेवढा फरक पडला, तर ५०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी एकत्र येताना परस्परांना मारतात आणि स्नेअर पोकळ वाटते. दोरीने मोजावे; नजरेवर विसंबू नये.

आता हेडली ग्रेंज. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील ही वास्तू १७९५ मध्ये गरिबांसाठी आश्रयगृह म्हणून उभी राहिली; १८३० च्या नोव्हेंबरमध्ये दंगेखोरांनी तिची नासधूस केली. १९७०-७१ च्या हिवाळ्यात लेड झेपलिनने तेथे मुक्काम ठोकला. स्टुडिओ म्हणजे बाहेर उभा असलेला, रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा ट्रक.

जॉन बोनम यांचा ड्रमसेट उंच दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला गेला. ग्लिन यांचे धाकटे बंधू अँडी जॉन्स यांनी वर जिन्यावरून दोन माइक लावले. बास ड्रमला स्वतंत्र माइक दिलाच नाही. ट्रकमध्ये आणखी माइक जोडण्याची सोय होती, हे येथे विसरता कामा नये. दोनच माइक ही निवड होती, नाइलाज नव्हे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातील तो अजस्र ठोका असा जन्मला. त्याला प्रतिध्वनियंत्राची आणि टेपचा वेग उतरवण्याची जोड मिळाली, हेही खरे.

परंतु या दंतकथेला भुलून दहा बाय दहाच्या खोलीत माइक दूर टांगणाऱ्याची निराशाच होईल. हेडलीत जिन्याची पोकळी हेच तिसरे वाद्य होते. सदनिकेतील ठेंगणे छत आवाज तत्काळ परत फेकते आणि झांजा कर्कश होतात. तेथे माइक जवळ आणावेत, वर गाद्या-गोधड्या टांगाव्यात. एक माइक डोक्यावर, दुसरा बास ड्रमपाशी, हा जुना मार्ग अधिक विश्वासाचा.

किंमत एकच, पण जबर आहे. दोन माइकांत मिसळलेले ड्रम नंतर सुटे करता येत नाहीत. झांज जोरात वाजली तर ती जोरातच राहते. स्नेअर एकटी उचलता येत नाही. समतोल वादकाच्या मनगटातच हवा. बोनम यांच्यापाशी तो होता. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यासाठी जिन्यावरून टिपलेला तोच ठोका उचलला, खोलीच्या घुमाऱ्यासकट.