सोल्युशनचा वास

परवा लातूरला गेलो होतो. गंजगोलाईतलं काम आटोपलं आणि नेमकं तेव्हाच उजव्या बुटाच्या सोलने तोंड उघडलं. गोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे चपलाबुटांचा बाजारही आहे, त्यामुळे नवा जोड घेणं पाच मिनिटांचं काम होतं. पण वरचं कातडं अजून धड होतं. टाकवेना. मग एका गटईच्या पत्र्याच्या टपरीसमोर बसलो.

काकांनी बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सर, नुसतं चिटकवून टिकत नाही. आधी जुनं सगळं खरवडावं लागतंय."

पकडीने जुना सोल ओढून काढला. रापीने वाळलेलं सोल्युशन खरडलं, मग कानशीने तळ खरबरीत केला, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर काहीच धरत नाही. धूळ झटकली. नव्या सोलवर आणि बुटावर दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात दिला आणि वाळेपर्यंत थांबले. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दोन्ही जोडायचे आणि हातोडीने ठोकायचे. ओलं असताना जोडलं की आतला द्रव अडकतो आणि महिन्याभरात सोल पुन्हा उघडतो. घाई करणाऱ्यांचं काम तिथेच फसतं.

या थांबण्याच्या वेळात तो वास येत होता. गोडसर, डोक्यात जाणारा. बाहेर बसून मला दहा मिनिटांत जड वाटायला लागलं, काका आत होते. मी सहज विचारलं तर म्हणाले, "सवय झालीय. रात्री कधीकधी पायाला मुंग्या येतात, बाकी काही नाही."

मुंग्या कशाने येतात ते मी सांगू शकत नाही. साखरेनेही येतात, तासन्‌तास मांडी घालून बसण्यानेही येतात. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून थोडं शोधत बसलो.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बलुतेदारीच्या काळात चांभार गावाला जोडे द्यायचा, मोटेचं कातडं शिवायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. सगळं काम आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं. पुढे टायरच्या चपला आल्या, त्यांना चुका ठोकायच्या. (त्या चुका तोंडात धरायची सवय अजून आहे. एक ठसका लागला तर?) मग रबराचे आणि प्लॅस्टिकचे हलके सोल आले, शिलाईची जागा डब्यातल्या सोल्युशनने घेतली आणि डब्याबरोबर वास आला.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. १९५० च्या दशकात जपानमध्ये ऑड्री हेपबर्नच्या नावाने एका प्रकारच्या सँडलची लाट आली होती. ओसाकात घरोघरी बायका त्या सँडल चिकटवायच्या. त्यांच्या गोंदात बेन्झीन होतं. ते हाडांतल्या मज्जेवर घाला घालतं, नवं रक्त तयार होईनासं होतं. काही जणी दगावल्या आणि १९५९ मध्ये सरकारने बेन्झीनच्या त्या गोंदावर बंदी घातली. पण गंमत (गंमत कसली!) अशी की बेन्झीनच्या जागी जे हेक्झेन आलं त्याने १९६० च्या दशकात सँडल कामगारांच्याच हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या. सुरुवात बोटांपासून. मुंग्यांनी.

तुर्कस्तानात डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी इस्तंबूलच्या जोडे, चपला आणि पर्स बनवणाऱ्यांमधले रक्ताच्या कर्करोगाचे आणि त्याच्या आधीच्या अवस्थेचे २६ रुग्ण मोजले आणि १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बेन्झीन आणि कातड्याची धूळ, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. म्हणजे कानशीने उडणारी ती धूळसुद्धा.

आपला १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तर लागू व्हायचा. काका एकटे. ते कुठल्या कायद्यात बसणार?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. चर्मकारांसाठीचं महामंडळ १९७४ चं आहे, आणि गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल द्यायची योजनाही आहे. ऊन-पावसात रस्त्यावर बसणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळालं, ते मोठंच. पण मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या आत सोल्युशन किती वेगाने उडत असेल? झाडाखाली निदान वारा तरी होता. छप्पर देताना मागच्या पत्र्याला एक जाळीची खिडकी ठेवली असती तर किती खर्च आला असता?

आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जोडाघर आहे. तिथे भाविकांचे जोडे हातात घेऊन सांभाळणं ही सेवा मानतात, चांगली शिकलेली माणसंसुद्धा ती आनंदाने करतात. तेच जोडे आयुष्यभर दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला मात्र काय आलं, ते आपल्या गावांना ठाऊक आहे. असो.

बूट रात्रभर दाबून ठेवावा लागतो म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. रात्री वाचलेलं सगळं काकांना सांगायचं होतं, पण ऐकवणार कसं? त्यांच्या पोटाचा धंदा. मी एवढंच म्हणालो की काका, हात दिला की डब्याचं झाकण लावत जा, वाळवायला जोड बाहेर ठेवा, जवळ विडी नको, आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुवा. मुंग्यांचं एकदा सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि काय काम करता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काका हसले. "झाकण लावलं तर वाचंल पण," म्हणाले. "निम्मं सोल्युशन उडूनच जातंय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पैसे देऊन निघालो तेव्हा त्यांनी माझा बूट बाहेरच्या फळीवर काढून ठेवलेला होता आणि शेजारी आणखी दोन जोड वाळत होते. झाकण मात्र उघडंच होतं.