अणुवैद्यकातील संगणक : प्रतिमांची मोजणी, साठवण आणि प्रक्रिया

रुग्णाच्या शरीरात अगदी थोडे किरणोत्सारी औषध सोडायचे, त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेऱ्याने टिपायचे आणि त्या नोंदींवरून इंद्रियाचे काम कसे चालले आहे ते ओळखायचे, ही अणुवैद्यकाची रीत. या नोंदी घेणे, सांभाळणे आणि त्यांतून चित्रे, आलेख व आकडे काढणे हे काम संगणकाचे. बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन, मूत्रपिंडांचा रेनोग्राम, हृदयाचा मुगा स्कॅन आणि कर्करोगासाठी होणारा पेट स्कॅन या सगळ्या तपासण्या त्याच्या आधारावर चालतात. क्ष-किरणाच्या फिल्मवर हाडाची ठेवण दिसते; बोन स्कॅनमध्ये त्या हाडात कुठे झीज-भर चालू आहे ते दिसते. डॉक्टर पडद्यावर पाहतात ते चित्र मुळात मोजलेल्या आकड्यांचा तक्ता असतो, आणि ही गोष्ट रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात या शाखेचे मूळ मुंबईत आहे. तुर्भ्याला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि देशात या औषधांना लागणारी किरणोत्सारी समस्थानिके बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. अणुऊर्जा खात्याने १९६३ मध्ये परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले. डॉक्टरांसाठी या विषयाची पदविका तिथेच १९७३ मध्ये सुरू झाली आणि देशभरच्या अनेक विभागांना पहिले तज्ज्ञ तिथून मिळाले. देशातला पहिला पेट स्कॅनर आणि त्याला लागणारे वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये याच केंद्रात बसले. या औषधांचा बराचसा पुरवठा वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून होतो.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी गॅमा कॅमेरा का नसतो, याला पैशाखेरीज आणखी एक कारण आहे : वेळ. सर्वाधिक वापरले जाणारे समस्थानिक टेक्नेशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मे होते. ते ज्या मॉलिब्डेनमपासून काढतात त्याचे अर्धायुष्य ६६ तास. म्हणजे मॉलिब्डेनम भरलेला डबा, ज्याला जनरेटर म्हणतात, आला की आठवडाभरात त्याचा जोर ओसरतो आणि नवा मागवावा लागतो. पेट स्कॅनसाठीचे फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत अर्धे होते. मुंबईहून शिरूर अनंतपाळपर्यंत रस्त्याने नऊ तास धरले, तर निघताना होते त्याचा साधारण तिसावा हिस्सा पोचेल. त्यात अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, शिशाची खोली आणि प्रशिक्षित माणसे लागतात ती वेगळीच. त्यामुळे औषध रुग्णाकडे येत नाही, रुग्णच औषधाकडे जातो : लातूरला, सोलापूरला, हैदराबादला, नाहीतर थेट परळला. तपासणीतून निघालेल्या आकड्यांना मात्र असे अर्धायुष्य नाही. ते कितीही लांब नेता येतात, कितीही वर्षे ठेवता येतात.

आकडे तयार कसे होतात? हॅल अँगर यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवलेला गॅमा कॅमेरा आजही तत्त्वतः तसाच आहे. रुग्णासमोर शिशाची जाड जाळी असते, तिला कोलिमेटर म्हणतात. सरळ रेषेत आलेले किरणच तिच्या छिद्रांतून पार होतात. शरीरातून निघालेल्या दहा हजार किरणांपैकी एखादाच आत शिरतो, बाकीचे शिशात विरतात. आत सोडियम आयोडाइडचा सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीचा स्फटिक असतो. किरण त्यावर आदळला की निळसर प्रकाशाची बारीक चमक उठते. स्फटिकामागच्या पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त प्रकाशगुणक नळ्यांपैकी जी जवळ, तिच्यात मोठा विद्युत स्पंद उमटतो, लांबच्यांत लहान. या सगळ्यांच्या तुलनेतून चमकेची आडवी आणि उभी जागा ठरते, आणि एकूण बेरजेवरून किरणाची ऊर्जा कळते.

ऊर्जा पाहणे अत्यावश्यक असते. टेक्नेशियमचा किरण १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा (केईव्ही). वाटेत तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला धडकून वळला असेल तर त्याची ऊर्जा घटलेली असते आणि तो भलत्याच जागेची साक्ष देतो. म्हणून १२६ ते १५४ केईव्हीच्या बाहेरचे किरण मोजणीतून वगळतात.

संगणक येण्यापूर्वी पात्र ठरलेली प्रत्येक चमक ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ठिपका होऊन उमटायची आणि समोरच्या पोलरॉइड फिल्मवर लाखो ठिपके साठून चित्र व्हायचे. फिल्मवर जास्त प्रकाश पडला की तपासणी वाया. कुठल्या भागात किती ठिपके पडले हे नंतर मोजायची सोय नव्हती.

संगणकाने ही मोजणी हाती दिली. चमकेची जागा आकड्यांत बदलली जाते आणि स्मृतीत आखलेल्या चौकटींच्या तक्त्यात, त्या जागेच्या चौकटीत, एकाची भर पडते. आडतीवर मापाडी पोत्यागणिक वहीत एकेक खूण करत जातो, तशी. तक्ता ६४ बाय ६४, १२८ बाय १२८ किंवा २५६ बाय २५६ चौकटींचा असतो. कॅमेऱ्याचे क्षेत्र ४० सेंटिमीटर धरले तर ६४ च्या तक्त्यात एक चौकट सव्वासहा मिलिमीटरची होते, १२८ च्या तक्त्यात सुमारे तीन मिलिमीटरची. चौकट बारीक केली की चित्र आपोआप चांगले होते, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. चौकटीची बाजू निम्मी केली की तिच्या वाट्याला येणारे किरण पाव होतात. किरणांचे येणे यादृच्छिक असल्याने १०० मोजले तर त्यांत १० ची, म्हणजे १० टक्के, अनिश्चितता असते. १०,००० मोजले तर ती १ टक्क्यावर येते. तपशील आणि खात्री यांच्यात कुठे थांबायचे, हे तपासणीआधी तंत्रज्ञाला ठरवावे लागते.

जुन्या यंत्रांत प्रत्येक चौकटीला एकच बाइट मिळे. त्यात २५५ पर्यंतच आकडा मावतो. पुढचा किरण आला की मोजणी पुन्हा शून्यावर जाई. सर्वांत जास्त औषध साठलेली जागा चित्रात रिकामी दिसायची. दोन बाइट दिल्यावर मर्यादा ६५,५३५ झाली आणि ही अडचण जवळपास संपली, पण फाइल दुप्पट झाली. १९७० च्या दशकात डीईसी कंपनीच्या पीडीपी-११ संगणकावर चालणारी गॅमा-११ ही प्रणाली प्रसिद्ध होती. त्या संगणकाच्या आरके०५ डिस्कवर अडीच मेगाबाइट मावत. रेनोग्राममध्ये एकामागून एक घेतलेल्या १२० चित्रांचा हिशेब करून पाहिला, तर १२८ च्या तक्त्यात दोन बाइटने ते पावणेचार मेगाबाइट होतात. एका रुग्णाची एक तपासणीसुद्धा त्या डिस्कवर मावली नसती. ६४ चा तक्ता आणि एक बाइट घेतला की ४८० किलोबाइटमध्ये भागे. त्या काळातले तक्ते ओबडधोबड का दिसतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

नोंदी घेण्याचे दोन प्रकार. एकात किरण आला की तो तक्त्यात मिळवून टाकतात. कोणता कधी आला ते मागे राहत नाही. दुसऱ्यात प्रत्येक किरणाची जागा आणि वेळ यादीसारखी क्रमाने लिहून ठेवतात. फाइल फुगते, पण तपासणी संपल्यावर हव्या त्या कालखंडाची चित्रे नव्याने बांधता येतात. आजच्या पेट यंत्रांत ही यादीची पद्धत रूढ आहे.

मुगा स्कॅनमध्ये संगणकाचे कसब खरे दिसते. हृदयाच्या एका ठोक्यात इतके थोडे किरण मिळतात की त्यांचे चित्र होत नाही. म्हणून ईसीजीच्या शिखराला घड्याळ शून्यावर आणायचे, ठोक्याचे १६ किंवा २४ भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा तक्ता वेगळा ठेवायचा आणि शेकडो ठोके एकावर एक रचत जायचे. डाव्या कप्प्यात भरलेल्या स्थितीत पार्श्वभूमी वजा करून २०,००० किरण मोजले आणि आकसलेल्या स्थितीत ८,०००, तर हृदयाने ६० टक्के रक्त बाहेर टाकले. ॲड्रियामायसिनसारख्या कर्करोगाच्या औषधाने हृदयावर ताण येतो. पुढचा डोस द्यावा की नाही हे ठरवताना हा आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहतात. मागचा आकडा हाताशी नसेल तर नव्याला फारसा अर्थ उरत नाही.

कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून घेतलेल्या तपासणीला स्पेक्ट म्हणतात. ६० ते १२० कोनांतून सपाट चित्रे घ्यायची आणि त्यांवरून शरीराचे काप काढायचे. यामागचे गणित ऑस्ट्रियाचे योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडले, पण ते संगणकावर झटपट चालावे यासाठी लागणारी गणिती गाळणी (फिल्टर) भारतीय शास्त्रज्ञांची आहे. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि जगभर ती दोघांच्या नावांवरून ‘राम-लाक’ म्हणून ओळखली जाते. सीटी स्कॅनच्या उभारणीतही तिचा वाटा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत या जोडीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. ही गाळणी कडा स्पष्ट करते, पण त्यासोबत मोजणीतला खडखडाटही वाढवते. म्हणून तिच्याबरोबर मवाळ गाळण्या लावतात. पुढे शेप आणि वार्डी यांनी १९८२ मध्ये वेगळी वाट दाखवली : आधी अंदाजाने काप मांडायचा, त्यापासून कॅमेऱ्याला काय दिसले असते ते काढायचे, प्रत्यक्ष मोजणीशी ताडायचे, फरक दुरुस्त करायचा, पुन्हा ताडायचे. हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये ही पद्धत पुष्कळ वेगवान केली आणि ती रोजच्या वापरात आली.

पेट यंत्रात एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघालेले ५११ केईव्हीचे दोन किरण पकडतात. काही अब्जांश सेकंदांच्या आत दोन्ही पोचले तरच नोंद होते. गाठीने किती औषध शोषले हे सांगणारा एसयूव्ही हा आकडा संगणक काढतो, पण त्यासाठी रुग्णाचे वजन, टोचलेली मात्रा आणि वेळ माणसानेच भरायची असते. ५५ किलोच्या रुग्णाचे वजन ६५ लिहिले तर एसयूव्ही १८ टक्क्यांनी फुगतो. मात्रा मोजण्याच्या खोलीतले घड्याळ आणि यंत्राचे घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक पडला, तर सहा टक्क्यांहून जास्त चूक होते. वजनकाटा आणि भिंतीवरचे घड्याळ यांची काळजी कोट्यवधींच्या यंत्राइतकीच घ्यावी लागते. त्याच कारणाने गॅमा कॅमेऱ्यासमोर रोज सकाळी कोबाल्ट-५७ चा सपाट पत्रा ठेवून सगळीकडे सारखी मोजणी येते का ते तपासतात. ही तपासणी टाळली तर स्पेक्टच्या कापांत नसलेली वर्तुळे उमटतात.

साठवणुकीची भाषा पूर्वी प्रत्येक कंपनीची निराळी असे. एका यंत्राची फाइल दुसऱ्यावर उघडत नसे. डायकॉम हे प्रमाण १९९३ मध्ये आल्यावर हा अडसर हळूहळू दूर झाला. डायकॉम फाइलमध्ये तक्त्यातल्या आकड्यांबरोबर रुग्णाची ओळख, समस्थानिक, मात्रा, वेळ आणि चौकटीचे माप यांची नोंद असते. तिच्यावरून दुसऱ्या गावचा डॉक्टर कित्येक वर्षांनंतरही मूत्रपिंडाभोवती नवी रेघ आखून आलेख पुन्हा काढू शकतो. छापील फिल्म, पडद्याचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्र यांत रंग उरतात, मोजणी उरत नाही. रुग्णालयांतही कधी कधी मूळ फाइलऐवजी पडद्याची नक्कलच डायकॉमच्या वेष्टनात साठवली जाते. तिच्यावरून पुन्हा हिशेब करता येत नाही, आणि ही सवय मोडायला हवी.

मराठवाड्याला नोंदींचे मोल नवे नाही. शेजारच्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही होते. कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्णांच्या नोंदी घेत, म्हणून ती टिकली. अणुवैद्यकाच्या फाइलला मात्र गावापर्यंत नेणारे असे कोणी नाही. ती रुग्णालयाच्या सर्व्हरवर राहते, आणि रुग्ण दुसऱ्या शहरात गेला की त्याची मागची तपासणी तिथे दिसत नाही.

म्हणून शिरूर अनंतपाळहून किंवा आसपासच्या गावांतून स्कॅनसाठी जाणाऱ्यांनी रिपोर्ट आणि फिल्मवर समाधान मानू नये. मूळ डायकॉम फाइल असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावी आणि ती उघडते की नाही हे तिथेच पाहावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यायची असतात. पुढच्या तपासणीला जाताना ही सीडी पिशवीत वर ठेवावी आणि डॉक्टरांच्या हातात आधी तीच द्यावी.