सरपण व वैरण (महाराष्ट्रातील कोरडवाहू भाग)

पिकाचे दाणे काढल्यावर उरणाऱ्या भागाची शेतकरी कुटुंबात साधारणपणे दोन वाटांनी विभागणी होते. ज्वारीचा कडबा, भुईमुगाचा पाला व तूर-हरभऱ्याचे भुसकट (विदर्भात कुटार) गोठ्यात जाते. जनावर खात नाही अशा जाड तुराट्या, पऱ्हाट्या व बाभळीच्या काटक्या चुलीत. शेण मात्र दोन्हीकडे ओढले जाते. पावसाळ्यात ते उकिरड्यावर पडते, उन्हाळ्यात त्याच्या गोवऱ्या थापतात. गोवरी जळताना नत्र उडून जाते. राखेत पालाश व स्फुरद उरते.

कडब्याचे मोल धान्याच्या बरोबरीने धरले जाते, हे पीकसुधारकांच्या उशिरा ध्यानात आले असे म्हणावे लागेल. १९६४ साली ज्वारीचे सीएसएच-१ हे संकरित वाण आले. त्याचे धान्य जास्त, पण ताटे बुटकी. रब्बीत सोलापूर-नगरकडचा शेतकरी उंच मालदांडी ज्वारीलाच चिकटून राहिला. पेंढ्या बांधून रचलेली कडब्याची गंजी पुढच्या पावसापर्यंत पुरवायची असते. कुट्टी करून घातल्यास नासाडी कमी होते.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस बऱ्याच घरांत पोहोचला, तरी अंघोळीचे पाणी अजून पुष्कळ ठिकाणी काटक्यांवरच तापते. वैरणीला असा पर्याय नाही. दुष्काळात कडबा संपला की उसाचे वाढे आणतात. त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या शरीरातील कॅल्शियम घटते, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात.